आठवड्याची एक पेनी

सभासद किती, हा प्रश्न कोणत्याही संघटनेला सर्वांत आधी विचारला जातो. सरकार तो विचारते, मालक विचारतो, वर्तमानपत्राचा बातमीदारही विचारतो. आणि पुढारी त्याचे उत्तर आपापल्या मगदुराप्रमाणे फुगवून देतात. सभासद म्हणजे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वहीत नाव असलेला तो सभासद काय? सभेला आलेला? संपात उतरलेला? की ज्याच्या पगारातून दरमहा ठराविक रक्कम कापली जाते तो? कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यावर ह्या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधू लागलो, आणि ते मला इंग्लंडमधील गरिबांच्या छोट्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या हकिकतीत सापडले. मी जन्माने ख्रिस्ती नाही, वृत्तीने फारसा धार्मिकही नाही, आणि इतिहासाचे माझे शिक्षण म्हणाल तर ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. श्रद्धेचा विचार ज्याचा त्याने करावा. गावातल्या एका मंडळीचा नियमाने बांधलेला सभासद होण्याने गरीब माणसाच्या पदरात काय पडले, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा, घंटा, रंगीत काचा उभ्या राहतात. मराठी ख्रिस्ती बांधवांनी गावातल्या चर्चला 'मंडळी' म्हणावयास सुरुवात केली, ती मला फार समर्पक वाटते. इमारत पडली तरी मंडळी राहते. आणि मंडळी पांगली तर इमारतीत कबुतरेच राहावयाची.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात सरकारी मान्यतेचे चर्च होते, अजूनही आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या पॅरिशमध्ये मोडत असे. बाप्तिस्मा तेथे, लग्न तेथे, मूठमाती तेथे. त्यासाठी माणसाला स्वतः होऊन काही करावे लागत नव्हते, आणि काही केले नाही म्हणून कोणी त्याची चौकशीही करीत नव्हते. गावच्या हद्दीत राहणारा तो गावकरी, तशातला हा प्रकार. ब्रिस्टल बंदराबाहेर किंग्जवूड नावाचा कोळशाच्या खाणींचा टापू होता. तेथील खाणकामगारांना शहरातले सभ्य लोक रानटी समजत. इ. स. १७३९ च्या फेब्रुवारीत जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचा तरुण धर्मोपदेशक तेथे गेला आणि उघड्या माळावर उभा राहून बोलला. ऐकताना त्या माणसांच्या कोळशाने काळ्या झालेल्या गालांवर अश्रूंचे पांढरे ओघळ उमटले, असे वर्णन त्याने करून ठेवले आहे. एप्रिलमध्ये त्याचे काम जॉन वेस्लीने हाती घेतले.

वेस्ली हा पाद्र्याचा मुलगा. ऑक्सफर्डला शिकलेला. तेथे तो आणि त्याचे मित्र उपास, प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांची भेट हे सारे घड्याळाच्या काट्यावर करीत, म्हणून इतर विद्यार्थ्यांनी त्यांना टिंगलीने 'मेथडिस्ट' म्हणजे पद्धतवाले असे नाव दिले. ते पुढे पंथालाच चिकटले. राजकारणात हा गृहस्थ पक्का राजनिष्ठ. १७७५ मध्ये अमेरिकेतील वसाहती भांडू लागल्या तेव्हा त्याने त्यांना खडसावणारे पत्रक काढले होते. कामगारांच्या संघटनेला आपण जन्म देत आहोत असे त्याला कोणी सांगितले असते तर त्याला ते मुळीच रुचले नसते. इतिहासात अशी गंमत पुष्कळदा होते.

व्हाइटफील्ड हा वेस्लीपेक्षा मोठा वक्ता. त्याच्या सभांना हजारो लोक लोटत. पण सभा संपली की माणसे घरोघर जात आणि मागे फारसे काही उरत नसे. वेस्ली मात्र गेलेल्या माणसांची यादी ठेवी. ही यादी कशी जन्मली ती हकीकत कर्जाची आहे.

ब्रिस्टलमध्ये ह्या मंडळीने 'न्यू रूम' नावाची एक इमारत बांधली होती, आणि बांधकामाचे कर्ज फिटत नव्हते. इ. स. १७४२ च्या फेब्रुवारीची १५ तारीख. कर्ज कसे फेडावे ह्याचा खल करावयाला मुख्य मुख्य माणसे जमली होती. कॅप्टन फॉय नावाचा एक जण उठला आणि म्हणाला, मंडळीतल्या प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, आपल्यातले पुष्कळ जण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढेही जमणार नाही. त्यावर फॉय म्हणाला, मग सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. त्यांनी काही दिले तर ठीक. नाही दिले तर त्यांची आणि माझी मिळून मीच भरीन. तुम्हीही प्रत्येकाने आपल्या शेजारचे अकरा जण घ्या.

ह्या सूचनेतला व्यवहार पाहण्यासारखा आहे. गरिबाला त्यात वर्गणी माफ नव्हती. त्याच्या नावावर पेनी पडे. मग ती कोणाच्या खिशातून आली हे नायक आणि तो ह्या दोघांत राही. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीला 'असू दे, त्यांच्याकडे नको जाऊ, त्यांना परवडत नाही' असे म्हणून एखादे घर वगळतात, तेव्हा ते दया म्हणून असते. पण त्या घराला ते कसे लागते हे वगळल्या गेलेल्यांना विचारावे.

ठरल्याप्रमाणे हे नायक घरोघर जाऊ लागले. गेले पेनीसाठी, पण दार उघडले की दिसे ते सगळेच दिसू लागले. अमका दारू पिऊन पडलेला आहे, तमक्याचे बायकोशी भांडण आहे, कोणी तापाने फणफणला आहे, कोणाला काम नाही. नायकांनी ते वेस्लीला सांगितले, आणि आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच, हे त्याच्या ध्यानात आले. पैशासाठी काढलेली युक्ती माणसांना धरून ठेवणारी व्यवस्था ठरली. त्याच वर्षी लंडनमध्येही तिची सुरुवात झाली. पुढे नायकाने घरोघर हिंडण्यापेक्षा सर्वांनी आठवड्यातून एकदा एके ठिकाणी बसावे अशी रीत पडली. ह्या सुमारे बारा जणांच्या गटाला 'क्लास' म्हणत, म्हणजे वर्ग. आपल्या 'वर्गणी' ह्या शब्दात वर्ग दडलेला आहेच. व्युत्पत्तीचा निवाडा पंडितांनी करावा.

आत येण्याची अट एकच होती: आपल्या पापातून सुटण्याची इच्छा. कोणत्या तत्त्वावर विश्वास आहे, बाप्तिस्मा कोणत्या पंथात झाला, असे काही विचारीत नसत. आत राहणे मात्र कठीण. १७४३ मध्ये वेस्लीने नियम छापले. त्यांत दारू नको, भांडणतंटा नको, चोरट्या आयातीचा माल घेणे-विकणे नको, सावकारी व्याज नको, आणि भुकेल्याला अन्न द्यावे, आजाऱ्याला भेटावे, असे होते. दर तिमाहीस सभासदाला एक चिठ्ठीवजा तिकीट मिळे. त्यावर त्याचे नाव, बायबलातले एखादे वचन आणि त्या तिमाहीचे अक्षर. तिकीट नव्याने मिळाले नाही म्हणजे आपले सभासदत्व संपले असे समजावे. लाथ मारून हाकलण्याचा प्रसंगच येत नसे.

ह्या तिकिटाला किंमत होती, ह्याचा पुरावा वेस्लीच्याच रोजनिशीत आहे. १७४३ च्या मार्चमध्ये न्यूकॅसलच्या मंडळीची त्याने तपासणी केली आणि ६४ जणांची नावे कमी केली. कारणे त्याने वाण्याच्या वहीसारखी लिहून ठेवली आहेत. शिव्याशापाबद्दल २, रविवार नित्य मोडल्याबद्दल २, दारूबाजीबद्दल १७, दारू विकल्याबद्दल २, मारामारी व कज्जेदलालीबद्दल ३, बायकोला मारल्याबद्दल १, सतत खोटे बोलल्याबद्दल ३, निंदानालस्तीबद्दल ४, आळशीपणाबद्दल १, आणि राहिलेले २९ जण निष्काळजीपणाबद्दल. बायकोला मारणारा न्यूकॅसलात एकच असेल ह्यावर माझा विश्वास नाही. पण बायकोला मारले म्हणून संघटनेतून नाव कमी होते, ही गोष्ट १७४३ सालची आहे हे ध्यानात धरावे. आपल्या किती संघटनांच्या घटनेत हे कलम आहे? आणि ते २९ निष्काळजी पाहा. त्यांनी वाईट असे काही केले नव्हते. ते फक्त येत नव्हते.

येणे आणि न येणे ह्यांचा हिशेब ठेवण्याची ह्या लोकांची पद्धत फार बारकाईची होती. नायकाच्या वहीत प्रत्येक नावापुढे आठवड्याआठवड्याचे चौकोन असत. आला तर खूण, नाही आला तर कारणाचे अक्षर. आजारी असला तर एक अक्षर, परगावी असला तर दुसरे, कामात अडकला तर तिसरे, हयगय केली तर चौथे. आणि का आला नाही हे कळलेच नसेल तर त्याचेही निराळे अक्षर. हे शेवटचे अक्षर लिहून नायकाला स्वस्थ बसता येत नसे. पुढच्या आठवड्याच्या आत त्याला त्या घरी जावे लागे. मी आजवर अनेक संस्थांची हजेरीपत्रके पाहिली आहेत. 'कारण ठाऊक नाही, जाऊन पाहिले पाहिजे' असा रकाना मला दुसरीकडे आढळला नाही.

आपल्याकडील माळकऱ्याशी ह्याची तुलना करावीशी वाटते. गळ्यात माळ घातली की वारी चुकवावयाची नाही, आणि दिंडीत आपली जागा ठरलेली. पांडुरंगाची भक्ती कोणीही करील. पण माळकरी दिंडीतून गैरहजर राहिला तर त्याची विचारपूस होते. कोठल्याही धर्मातला गरीब माणूस ह्या विचारपुशीसाठी भुकेलेला असतो. त्या काळचा इंग्रज मजूर तर विशेषच. खेड्यातली सामाईक जमीन कुंपणे घालून जमीनदारांनी घेतलेली, खाणीच्या गावात शेजारी कोण ह्याचा पत्ता नाही, आणि मेला तर मालकाच्या वहीत एक नाव खोडले जाणार, एवढेच.

आता ह्या वर्गात प्रत्यक्ष चाले काय? प्रार्थना, भजन, आणि मग नायक एकेकाला विचारी: ह्या आठवड्यात तुझे कसे गेले? ज्याला शेतावर किंवा खाणीत आयुष्यभर कोणी असा प्रश्न विचारला नव्हता, त्याला अकरा माणसांसमोर त्याचे उत्तर द्यावे लागे. पहिल्या आठवड्यात तो अडखळे. वर्षभरात बोलू लागे. त्यातून नायक निघत, नायकांतून स्थानिक उपदेशक निघत. बायकाही नायिका होत, आणि पुष्कळ होत. नायकाला वर्गणीचा हिशेब द्यावा लागे, म्हणून लिहिणे-वाचणे आले. तिमाही बैठकीत ठराव मांडणे, अनुमोदन देणे, विरोध करणे आले. ह्या देशातल्या सामान्य माणसाला तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता. पण आपल्या मंडळीच्या खजिनदाराला उभे करून 'ह्या सहा पेन्सचे काय झाले?' असे तो विचारू शकत होता. माझ्या मते लोकशाहीचे शिक्षण येथून सुरू होते. पार्लमेंट हा त्याचा वरचा वर्ग.

१७९१ मध्ये वेस्ली वारला तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंड मिळून तिकीटधारी सभासद सत्तर हजारांवर होते. त्याच्यानंतर पंथाची सूत्रे प्रतिष्ठित पाद्र्यांच्या हाती गेली आणि वरची हवा बदलली. १८०३ मध्ये स्त्रियांच्या उपदेशावर जवळजवळ बंदी आली. उघड्यावरच्या सभा नकोशा झाल्या. ह्यातून फुटून ह्यू बोर्न आणि विल्यम क्लोज ह्यांचा 'प्रिमिटिव्ह मेथडिस्ट' पंथ निघाला. १८०७ च्या मे महिन्यात मो कॉप नावाच्या टेकडीवर त्यांनी दिवसभराची सभा भरवली होती. बोर्न हा सुतार, क्लोज हा कुंभारकामातला कारागीर. खाणकामगार आणि शेतमजूर पुढे ह्यांच्याकडे वळले, कारण येथे उपदेशकही त्यांच्यातलाच असे.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो हलका नाही. एली हालेव्ही ह्या फ्रेंच इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले की, फ्रान्सप्रमाणे इंग्लंडात क्रांती झाली नाही ह्याचे एक मोठे कारण मेथडिस्ट पंथ. इ. पी. थॉम्प्सनने १९६३ मध्ये इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात ह्याहून तिखट टीका केली. ह्या पंथाने मजुराला वेळेवर उठणारा, न पिणारा, निमूट राबणारा असा कारखानदाराला हवा तसा मजूर बनवले, असे त्याचे म्हणणे. थॉम्प्सनला हे घरातूनच ठाऊक होते. त्याचे वडील बंगालमध्ये बांकुऱ्याला मेथडिस्ट मिशनचे शिक्षक होते, आणि तो स्वतः वेस्लीने स्थापन केलेल्या किंग्जवूड शाळेत शिकला. त्याच्या टीकेत घरच्या मुलाचा राग आहे, आणि घरचा मुलगा बहुधा खरेच बोलतो.

मला ही टीका अर्धी मान्य आहे. वरचे पाद्री मालकांच्या बाजूचे होते ह्यात संशय नाही. जेबेझ बंटिंग ह्या त्यांच्या धुरीणाला लोकशाहीचा पापाइतकाच तिटकारा होता असे सांगतात. बारा जणांसमोर दर आठवड्याला पापांचा पाढा वाचणे हा काहींना जाचही झाला असणार; वाईट नायकाच्या हाती पडलेला वर्ग म्हणजे गावच्या चुगल्यांचा अड्डा. पण वेळेवर येणे, न पिणे आणि पैशाचा चोख हिशेब देणे ह्या सवयी मालकाच्या उपयोगी पडतात तशा संपाच्याही पडतात. किंबहुना त्यांच्यावाचून संप तीन आठवडे टिकत नाही. हत्यार कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते.

डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल ह्या खेड्यात ते कोणाच्या हाती होते ते पाहू. जॉर्ज लव्हलेस हा तेथला शेतमजूर, आणि वेस्लियन मंडळीचा स्थानिक उपदेशक. आठवडाभर नांगर धरावयाचा आणि रविवारी मैलोगणती चालत जाऊन उपदेश करावयाचा, असा त्याचा क्रम. आसपास शेतमजुराला आठवड्याला १० शिलिंग मिळत. टॉलपडलमध्ये मजुरी ९ वर, मग ८ वर, मग ७ वर आली आणि ६ होणार असे सांगण्यात आले. १८३३ च्या शेवटी लव्हलेस आणि त्याच्या सोबत्यांनी 'शेतमजुरांची मित्रसंस्था' स्थापन केली. बैठक थॉमस स्टँडफील्ड ह्या मेथडिस्टाच्याच झोपडीत माडीवर भरे. प्रवेश फी एक शिलिंग, आणि नंतर आठवड्याला एक पेनी!

ही पेनी ओळखीची आहे. सात शिलिंगांच्या ८४ पेन्स होतात. बायकामुलांच्या तोंडातल्या ८४ घासांतला एक घास काढून द्यावयाचा, तोही दर आठवड्याला. आणि देणाऱ्याला ही रीत नवी नव्हती, कारण मंडळीत तो ती शिकला होता. राजकीय संघटनांनीही ती उचलली. १८४० मध्ये मँचेस्टरला चार्टिस्टांची राष्ट्रीय संघटना निघाली, तेव्हा दहा जणांचा एक वर्ग, त्याला एक नायक आणि आठवड्याला पेनी असाच आराखडा आखला होता.

१८३४ च्या २४ फेब्रुवारीला टॉलपडलच्या सहा जणांना पकडले. जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस हे भाऊ, थॉमस स्टँडफील्ड व त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. संघटना काढणे तेव्हा गुन्हा नव्हता. म्हणून प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या शपथेवर बोट ठेवून, आरमारातील बंडासाठी केलेला १७९७ चा कायदा त्यांना लावला. मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टाने सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पुढे लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, दोन लाखांवर सह्यांचा अर्ज गेला, आणि १८३६ मध्ये माफी मिळाली. वरच्या वेस्लियन पुढाऱ्यांनी आपल्या ह्या उपदेशकाची पाठराखण केली नाही. हे लिहून ठेवण्याजोगे आहे, म्हणजे मंडळी आणि तिच्या नावावर बोलणारी वरची सत्ता ह्यांतला फरक कळतो. परत आल्यावर बहुतेक जण पुढे कॅनडात जाऊन राहिले. एकटा हॅमेट गावात राहिला. १८७५ मध्ये शेतमजुरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला घड्याळ आणि मानपत्र दिले. म्हातारपणी मुलांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या अनाथगृहात जाऊन राहिला, आणि तेथेच १८९१ मध्ये वारला.

त्याला घड्याळ देणारी ती संघटना जोसेफ आर्चची. तोही प्रिमिटिव्ह मेथडिस्ट उपदेशक, कुंपणे छाटणारा मजूर. १८७२ च्या ७ फेब्रुवारीला वेल्सबोर्न गावात चेस्टनटच्या झाडाखाली, कंदिलाच्या उजेडात त्याने भाषण केले. मजूर मोठ्या संख्येने आले होते, आणि उघड्यावर कसे बोलावे हे त्याला आधीपासून येत होते. नॉरफोकच्या जॉर्ज एडवर्ड्सची गोष्ट मला त्याहून प्रिय आहे. घरच्यांच्या पोटासाठी शेतातले सलगम आणले म्हणून त्याचा बाप तुरुंगात गेला, आणि लहानगा जॉर्ज आईसह अनाथगृहात. सहाव्या वर्षी शेतावर पाखरे हाकलण्याच्या कामावर. शाळा नाही. लग्नाच्या वेळी त्याला वाचता येत नव्हते. त्याच सुमारास मंडळीने त्याला उपदेशक केले! बायकोने, शार्लटने, भजने आणि बायबलातला उतारा त्याच्याकडून घोकून घेतला, आणि हळूहळू अक्षरे शिकवली. ह्याच माणसाने १९०६ मध्ये पूर्वेकडील परगण्यांतील शेतमजुरांची संघटना उभी केली, आणि १९२० मध्ये तो पार्लमेंटात गेला. आधी जबाबदारी, मग अक्षर. आपण बहुधा ह्याच्या उलट करतो. माणूस 'तयार' होईपर्यंत त्याला कोणतेच काम देत नाही, आणि म्हणून तो तयार होत नाही.

उत्तरेकडे डरहॅमच्या खाणींत टॉमी हेपबर्न होता. बाप खाणीत मेला, म्हणून आठव्या वर्षी हा खाणीत उतरला. १८३१ मध्ये त्याने खाणकामगारांची संघटना बांधली आणि लहान मुलांचा कामाचा दिवस बारा तासांवर आणला. बारा तास हा तेव्हा विजय होता, ह्यावरून आधी काय असेल ते समजावे. पुढच्याच वर्षी मालकांनी कुटुंबांना घरांतून बाहेर काढून संघटना मोडली. हेपबर्नला कोणी काम देईना. गावोगाव चहा विकत हिंडावे, तर भीतीने तोही कोणी घेईना. अखेर पुन्हा संघटनेत पडणार नाही ह्या अटीवर त्याला खाणीत घेतले. संघटना संपली; पण गावोगावच्या प्रिमिटिव्ह मेथडिस्ट मंडळ्या संपल्या नाहीत, त्या दर आठवड्याला भरतच होत्या. १८६९ मध्ये डरहॅम खाणकामगार संघ उभा राहिला तेव्हा त्याच्या पुढाऱ्यांत ह्या मंडळ्यांत तयार झालेली माणसे होती. विझलेल्या चुलीत निखारा राखेखाली राहावा, तसे हे सदतीस वर्षे राहिले. पुढे पीटर ली हा दहाव्या वर्षी खाणीत गेलेला उपदेशक १९१९ मध्ये डरहॅम परगण्याच्या कौन्सिलचा, म्हणजे इंग्लंडातील पहिल्या मजूरपक्षीय परगणा कौन्सिलचा, अध्यक्ष झाला. आज त्याच्या नावाचे पीटरली हे गाव तेथे आहे.

मुंबईतही ह्या पद्धतीचे पाऊल उमटले होते. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन उपदेशक विल्यम टेलर येथे आला आणि त्याने घराघरांतून असे वर्ग बांधले. अमेरिकन मराठी मिशनमधून आलेले जॉर्ज बोवेन त्याला मिळाले. पगार न घेता लोकवस्तीत फकिरासारखे राहणारे हे बोवेन. कुलाब्याचे बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. पण ते वर्ग गिरणगावात गेले नाहीत. गिरणगावात उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारला दिला. १८९० मध्ये दहा हजारांची सभा भरवली, आणि त्या वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी दुपारी पंख्याखाली पडतो ते लोखंड्यांच्या पुण्याईने. असे असूनही १८९२ च्या कारखाने कायद्याच्या सरकारी अहवालात त्यांच्या संघटनेविषयी शेरा आहे तो असा की, तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत. अहवाल लिहिणारे साहेब आपले मित्र नव्हते. पण शेरा खोटा नव्हता. १८९७ मध्ये प्लेगने लोखंडे गेले आणि संघटना त्यांच्यामागे उरली नाही. त्यांच्यासारखा माणूस हेपबर्नपेक्षा कोणत्याही अंगाने उणा नव्हता. उणीव होती ती दर आठवड्याला भरणाऱ्या बारा जणांची.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन वाढली ती विलक्षण वेगाने. वर्षअखेर सभासद पन्नास हजारांच्या पुढे गेले. गिरणीगिरणीतून समित्या निघाल्या होत्या, आणि त्यांना मुळे धरावयास वेळ मिळता तर आपल्याकडेही काही निराळे घडते असे मला वाटते. पण १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्या वर्षीचा संप फसला, आणि हजारो सभासद आले तसे ओसरले. पुराचे पाणी आणि विहिरीचे पाणी दोन्ही पाणीच. उन्हाळ्यात फरक कळतो.

माझ्या उमेदवारीच्या काळात पगाराच्या दिवशी फाटकावर पावतीपुस्तक घेऊन उभे राहावे लागे. कामगार वर्गणी देई आणि त्याबरोबर चार शिव्याही देई; रजेचे काय झाले, सुपरवायझरने दंड का मारला, मेव्हण्याला कामाला कधी लावता. एका पावतीला पाच मिनिटे लागत. चेक-ऑफ आले, पगारातून वर्गणी परस्पर कापली जाऊ लागली, तेव्हा कार्यालयात समाधान झाले. पैसा वेळेवर येतो, एकही पावती राहत नाही. यादी आता मालकाच्या संगणकातून छापून येते, आणि तिच्यात नावापुढे एकच रकाना असतो: रक्कम. न्यूकॅसलचे ते २९ निष्काळजी त्या यादीत शोधू म्हटले तरी सापडणार नाहीत, कारण सगळ्यांची वर्गणी भरलेलीच असते. इंग्लंडातही वर्गाची ती जुनी बैठक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षीण होत गेली. तिकिटे मिळत राहिली, पेनीही जमत राहिली. नायकाचे घरी येणे तेवढे थांबले.